जुन्या फोनोग्राफ-पेट्यांच्या लाकडी पृष्ठभागाची स्वच्छता

जुन्या फोनोग्राफ व ग्रामोफोन यंत्रांच्या लाकडी पेट्यांवर साचलेला मळ मूळ पॉलिशला धक्का न लावता काढणे, हे या यंत्रांच्या जतनातील एक नाजूक काम आहे. एडिसनच्या सिलिंडर-फोनोग्राफची पेटी लहान व बहुधा ओक लाकडाची असे. १९०६ मध्ये अमेरिकेतील कॅम्डेन (न्यू जर्सी) येथील व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीने कर्णा पेटीच्या आत बसवलेले 'व्हिक्ट्रोला' हे यंत्र बाजारात आणले. पुढे अशी यंत्रे दिवाणखान्यातील फर्निचर म्हणूनही विकली जाऊ लागली आणि लाकडाच्या झिलईला महत्त्व आले.

मळाचे स्वरूप

कोळशाची काजळी, तंबाखूचा धूर, हातांचा घाम आणि वेळोवेळी चोळलेली मेणे व तेले यांचा मिळून चिकट थर बनतो. झाकणाच्या कडा व चावीभोवतीचा भाग यांवर तो सर्वांत दाट असतो. जे काळवंडलेले पॉलिश वाटते, तो पुष्कळदा केवळ हा वरचा थर असतो. तो न ओळखता पेटी खरवडून नवे पॉलिश चढवल्यास मूळ पृष्ठभाग कायमचा नष्ट होतो. संग्राहकांच्या दृष्टीने पेटीचे मोलही त्यामुळे घटते.

चपड्याचे पॉलिश

त्या काळातील अनेक पेट्यांवर चपड्याचे पॉलिश आहे. लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून मिळणारा हा पदार्थ मुख्यतः भारतातून निर्यात होई. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या मिश्रणातही तोच वापरला जाई. चपडा अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि अमोनिया किंवा धुण्याच्या सोड्यासारख्या अल्कधर्मी द्रव्यांनी मऊ पडतो. त्यामुळे काचा पुसण्याची घरगुती द्रावणे येथे घातक ठरतात. पाणी साचून राहिल्यास पॉलिशवर पांढरे डाग पडतात. ते सांध्यांत शिरले तर सरस सुटून वरचा पातळ लाकडी पापुद्रा (विनियर) उचलला जातो. १९२० च्या दशकात नायट्रोसेल्युलोज लॅकरचा वापर वाढला. म्हणून प्रथम पेटीच्या आतील वा मागील बाजूस अल्कोहोलचा एक थेंब लावून पाहतात. पृष्ठभाग लगेच चिकट झाला, तर तो चपडा असण्याची शक्यता अधिक.

स्वच्छतेची रीत

आधी मऊ कुंचल्याने कोरडी धूळ काढतात. नंतर कापसाचा बोळा व्हाइट स्पिरिटमध्ये किंचित भिजवून लहानशा भागावर हलकेच फिरवतात. त्याने मेण व तेलकट मळ सुटतो, चपडा मात्र सहसा सुटत नाही. बोळा काळा होताच बदलावा. त्यावर तांबूस वा पिवळट छटा दिसू लागली, तर पॉलिशच निघत असल्याचे समजून थांबावे. व्हाइट स्पिरिट ज्वलनशील असल्याने खोली हवेशीर असावी व जवळपास ज्योत नसावी. घाम व अन्नकणांचा मळ त्याने निघत नाही. त्यासाठी जवळजवळ कोरडा वाटेल इतकाच ओलसर बोळा वापरून जागा लगेच पुसतात. संग्रहालयांतील जतनतज्ज्ञ या कामी लाळही वापरतात. तिच्यातील विकरे (एन्झाइम) असा मळ सोडवतात. काही संग्राहक मेकॅनिक हात धुण्यासाठी वापरतात ती मलई पसंत करतात. परंतु ती प्युमिस दगडाची पूड नसलेलीच असावी, अन्यथा बारीक ओरखडे उमटतात.

झाकणाच्या आतील वा दर्शनी भागावरील व्यापारचिन्हाची छापचित्रे अतिशय पातळ असतात. 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा कुत्रा त्यांपैकीच एक. त्यांच्यावर कोरड्या कुंचल्यापलीकडे काही न वापरणे बरे.

जवसाचे तेल, टर्पेंटाइन व शिरका यांचे मिश्रण चोळण्याचा सल्ला जुन्या पुस्तकांत आढळतो. तेलाने पेटी काही दिवस झळाळते. पुढे मात्र ते हवेतील ऑक्सिजनने घट्ट होऊन काळपट पडते, धूळ धरते आणि मूळ मळापेक्षा काढण्यास कठीण होते.