प्रतिमा आणि तिचे घटक

खोपोलीहून पेणच्या रस्त्याने गेले, म्हणजे पेण गावात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने लागतात. तेथील कारागीर प्रत्येक मूर्ती पहिल्यापासून हाताने घडवीत बसत नाही. एक उत्तम मूर्ती घडवून तिच्यावरून साचा केला, की त्यातून तशाच शेकडो मूर्ती निघतात. हात पुष्कळदा निराळे करून मागाहून जोडतात. संगणकाच्या व्यवहारातही हीच युक्ती योजतात. आणि मौज अशी, की तेथे तयार होणाऱ्या वस्तूलाही ‘इमेज’, म्हणजे प्रतिमाच, म्हणतात.

समजा, खालापूर तालुक्यातील शाळांसाठी शंभर संगणक आणले. प्रत्येकावर प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम चढवावयाची, मग मराठी अक्षरांचा टंक, मग व्हायरसपासून रक्षण करणारी आज्ञावली. एका यंत्राला दोन तास धरले, तरी दोनशे तास झाले. शिवाय माणूस थकतो. सत्तराव्या यंत्रावर एखादी पायरी राहून जाते, आणि ती राहिली हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून एकच संगणक मनासारखा सिद्ध करतात आणि त्याच्या साठवणीतील सर्व मजकुराची नक्कल एका फाइलीत घेतात. हीच त्याची प्रतिमा. ती दुसऱ्या योग्य यंत्रावर उतरविली, की तेही पहिल्यासारखेच कामास लागते.

तथापि नुसत्या प्रतिमेने भागत नाही. ती ओतीव गोळ्यासारखी असते. वर्षाने टंक बदलावयाचा झाला, तर प्रतिमा कशी केली होती हे आठवणार कोणाला? ती करणारा मनुष्य बहुधा बदलून गेलेला असतो! यास्तव कृती लिहून ठेवतात, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. एका कामापुरता लिहिलेला असा तुकडा म्हणजे घटक. शाळांच्या प्रतिमेसाठी लिहिलेला मराठी टंकाचा घटक तहसील कचेरीच्या प्रतिमेतही चालतो. मूळ ऑपरेटिंग सिस्टिम कोणती आणि तिच्यावर कोणते घटक कोणत्या क्रमाने चढवावयाचे, हे सांगणाऱ्या टिपणाला चक्क ‘पाककृती’ म्हणतात.

संगणक भाड्याने वापरू देणाऱ्या अ‍ॅमेझॉन या कंपनीने २०१६ साली मुंबईत आपले केंद्र उघडले. तिने डिसेंबर २०१९ मध्ये ‘इमेज बिल्डर’ नावाची सेवा सुरू केली. तीत घटक म्हणजे ‘यॅमल’ नावाच्या मांडणीत लिहिलेला साधा मजकूर असतो. त्याचे टप्पे तीन: बांधणी, पडताळणी व चाचणी. आपल्या टंकाच्या घटकात बांधणीच्या वेळी टंकाची फाइल योग्य जागी ठेवावयाची. पडताळणीत ती तेथे खरोखर पोहोचली की नाही हे पाहावयाचे. प्रतिमा तयार झाल्यावर तिच्यावरून एक नवे यंत्र चालू करतात आणि त्यावर चाचणी होते. तेथे ‘खालापूर’ हा शब्द लिहून काना व उकार जागच्या जागी उमटतात का, हे तपासता येईल. फाइल जागेवर असणे निराळे आणि अक्षर उमटणे निराळे. म्हणून पडताळणी झाली तरी चाचणी सोडू नये.

प्रत्येक घटकाला नाव असते व आवृत्तीचा क्रमांक असतो, जसे १.०.०. एकदा नोंदविलेली आवृत्ती पुन्हा खोडता-लिहिता येत नाही. सुधारणा केली, तर १.०.१ अशी नवी आवृत्ती काढावी लागते. हा नियम प्रथम जाचक वाटतो. परंतु त्यामुळेच कोणत्या प्रतिमेत नेमके काय आहे, हे नि:संशय सांगता येते.

सर्वच घटक आपण लिहावेत असे नाही. पूर्वी लिहिलेली आज्ञावली घटक म्हणून आयात करता येते. इतरांनी केलेले घटकही मिळतात. श्रम वाचतात खरे, पण येथेच सर्वांत अधिक सावध राहावयास हवे. पेणला साच्याला चीर पडली, तर प्रत्येक मूर्तीवर तिची रेघ उमटते आणि डोळ्यांना दिसते. घटकातील चीर मात्र दिसत नाही.

याचा प्रत्यय डिसेंबर २०२१ मध्ये आला. ‘लॉगफोरजे’ हा घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणारा एक मोफत घटक. ‘जावा’ या भाषेत लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्यांत तो जगभर वापरला जात होता. त्यात असा दोष आढळला, की नोंदीसाठी आलेल्या मजकुरात विशिष्ट शब्दरचना घातली, तर तो घटक परक्या ठिकाणाहून आज्ञावली आणून चालवी. म्हणजे चोराने चिठ्ठी टाकावी आणि पहारेकऱ्याने ती वाचून दार उघडावे, असा प्रकार! दुरुस्त आवृत्ती लगेच निघाली; पण ती अपुरी ठरली आणि त्याच महिन्यात आणखी आवृत्त्या काढाव्या लागल्या. दुरुस्तीपेक्षाही कठीण प्रश्न असा होता, की हा घटक आपल्या कोणकोणत्या संगणकांत आहे? कारण पुष्कळदा तो दुसऱ्या घटकाच्या पोटात शिरून आलेला असे. ज्यांच्याजवळ घटकांची आवृत्तीनिशी यादी होती, त्यांना पाककृतीतला क्रमांक बदलून प्रतिमा नव्याने बांधता येत होत्या. ज्यांच्याजवळ ती नव्हती, त्यांना एकेक यंत्र धुंडाळावे लागले.