पाणी निळंशार, पण तळ खरखरीत? पूलचा आतला थर कधी बदलायचा, ते असं ओळखा

आजचा विषय आहे पूल. नदीवरचा नाही हो, सोसायटीतला, पोहायचा. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा आकडे पुन्हा बघायचेत, त्यांच्यासाठी हा भागाचा लेखी मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त आकडे नीट लिहिलेत.

पूल चांगला की वाईट हे आपण कशावरून ठरवतो? पाण्याच्या रंगावरून. निळं दिसलं की मारली उडी. पण पाणी रोज फिल्टरमधून फिरतं, त्यात क्लोरीन पडतं, ते दोन दिवसांत चकाचक करता येतं. खरा झिजतो तो पूलचा आतला थर. पुणे, ठाणे, नवी मुंबई, नाशिक, या भागांत पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या मोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांचे पूल आता त्याच वयात आलेत. त्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येणार म्हणजे येणारच.

आधी पूलच्या पोटात काय असतं ते बघू

सगळ्यात बाहेर आरसीसीची टाकी, म्हणजे सळई आणि काँक्रीट. तिच्या आत गिलावा आणि वॉटरप्रूफिंग. त्यावर टाइल चिकटवायचा थर, मग टाइल, आणि दोन टाइलमधल्या फटीत भरलेलं ग्राउट. आपल्याकडचे बहुतेक पूल असेच, टाइलचे.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. पाणी ग्राउटमधून थोडं थोडं मागे जातंच. त्याला अडवायचं काम मागच्या थराचं. म्हणून टाइल फुटली हा एक प्रश्न आणि मागचा थर गेला हा वेगळा प्रश्न. दोन्हींचा खर्चही वेगळा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये निम्मी भांडणं या दोन गोष्टी एकत्र केल्यामुळे होतात.

थर झिजतो कशाने?

वयाने झिजतो, पण वयापेक्षा जास्त पाण्याने झिजतो. सिमेंटमध्ये कॅल्शियम असतं. पाण्यात कॅल्शियम कमी असेल आणि पाणी आम्लाकडे झुकलेलं असेल, तर ते पाणी भुकेलं असतं असं समजा. त्याला कॅल्शियम हवं असतं आणि ते ग्राउटमधून, गिलाव्यातून खाऊन घेतं. उलट कॅल्शियम जास्त झालं तर पाणी ते बाहेर टाकतं आणि टाइलवर पांढरा खर बसतो. गीझरच्या कॉइलवर बसतो ना, तोच.

हे मोजायची पद्धत अमेरिकेतल्या विल्फ्रेड लँगेलियर या प्राध्यापकाने १९३६ साली मांडली, तीही शहरांच्या पाण्याच्या पाइपांसाठी. पूलवाले आजही तीच वापरतात. आपल्याला गणितात शिरायचं नाही. टाइलच्या किंवा सिमेंटच्या पूलसाठी साधारण तीन आकडे पुरेत:

- पीएच ७.२ ते ७.८
- अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम
- कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४०० पीपीएम

आता आपल्याकडची गंमत बघा. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. चार महिने उघड्या पूलमध्ये पाऊस पडत राहिला, वरचं पाणी वाहून गेलं, की उरलेलं पाणी भुकेलं होत जातं. त्यात टीसीसीए वापरत असाल, तर ते क्लोरीन आम्लधर्मी, पीएच आणखी खाली ओढतं. उन्हाळ्यात मात्र बोअरच्या पाण्याचे टँकर येतात आणि तेच पाणी खर बसवतं. म्हणजे पावसाळ्यात खातंय, उन्हाळ्यात लिंपतंय. ग्राउटची वाट लागणारच.

हे दिसलं तर घाबरू नका

काही खुणा दिसायला भयंकर असतात, पण त्यासाठी काहीही फोडायची गरज नसते.

डाग. तपकिरी डाग बहुतेक लोखंडाचे, निळसर-हिरवट डाग बहुतेक तांब्याचे. व्हिटॅमिन सीची गोळी डागावर मिनिटभर दाबून धरा. डाग फिका पडला तर तो धातूचा, औषधाने निघेल. गोळीने काही झालं नाही आणि क्लोरीनने फिका पडला तर पानांचा किंवा शेवाळाचा.

पांढरा खर. पाण्याच्या पातळीपाशी टाइलच्या चकचकीत भागावर पांढरी रेघ दिसते. तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर तो कॅल्शियमचा खर आहे. घासून निघतो.

एखाद-दुसरी निखळलेली टाइल. तेवढी बसवता येते. पण ती का निघाली, हे विचारल्याशिवाय बसवू नका. त्याचं उत्तर पुढच्या तपासण्यांत मिळेल.

आता खऱ्या खुणा

पहिली, स्पर्श. अनवाणी चालून बघा. तळ खरखरीत लागतोय, पोरांच्या अंगठ्याला, गुडघ्याला ओरखडे येतायत, पोहायचे कपडे बसायच्या जागी घासून विरतायत, म्हणजे ग्राउट खोल गेलंय आणि टाइलच्या कडा उघड्या पडल्यात.

दुसरी, ग्राउट. बॉलपेनचं टोपण किंवा नख जॉइंटवरून ओढा. भुकटी निघाली किंवा फट रिकामीच असली तर ग्राउट संपलं. व्हॅक्यूम करताना तळाशी रोज बारीक पांढरी वाळू सापडते का, हेही पूलवाल्या दादांना विचारा. त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

तिसरी, शेवाळ. क्लोरीनचा जोरदार डोस दिला, शेवाळ गेलं, आणि आठवड्यात त्याच रेषांवर परत आलं. म्हणजे ते पाण्यात वाढत नाहीये, फटींत घर करून बसलंय. अशा पूलला क्लोरीन जास्त लागतं, डोळे चुरचुरतात, आणि पैसे बाटल्यांत जातात.

चौथी, आवाज. नाण्याने किंवा लाकडी मुठीने टाइल वाजवा. घट्ट बसलेली टाइल टक् वाजते. मागून सुटलेली बद्द वाजते, रिकाम्या डब्यासारखी. पाण्याच्या वरची ओळ आजही तपासता येते, बाकीचं पूल रिकामा होईल तेव्हा. बद्द टाइलवर खडूने फुली मारत चला. फुल्या विखुरलेल्या असतील तर डागडुजी. एकाच पट्ट्यात सलग असतील तर तो पट्टा उतरवायचा. सगळीकडे असतील तर मात्र पूर्ण काम.

पाचवी, आणि सगळ्यात महत्त्वाची, खाली जाऊन बघा. बऱ्याच टॉवरमध्ये पूल पोडियमवर असतो आणि खाली पार्किंग. तिथल्या छताला पांढरे लोंबते क्षार दिसतायत का? काँक्रीटमधून पाणी पाझरतंय, त्यातला चुना तिथे साठतोय. तेच पाणी गाडीवर ठिबकलं की रंगावर न निघणारे डाग. आणि त्या क्षारांसोबत तांबूस ओघळ असेल, तर आतली सळई गंजायला लागलीय. गंजलेलं लोखंड फुगतं, आणि फुगताना काँक्रीट फोडतं. इथे टाइलवाला नको, स्ट्रक्चरल इंजिनियर आधी.

गळती आहे की ऊन?

उन्हाळ्यात पाणी रोज काही मिलिमीटर उडतंच. मग गळती कशी ओळखायची? बादलीने.

पूलच्या पायरीवर बादली ठेवा, तोंड पाण्याच्या वर राहील अशी. तिच्यात पूलचंच पाणी भरा. बादलीतली पातळी आणि पूलची पातळी, दोन्हीवर खूण करा. चोवीस तास कोणी पोहायचं नाही, पाणी भरायचं नाही. ऊन दोन्हीकडे सारखंच पडतं. पूलचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं तर ती गळती.

आकडा समजून घ्या. पूल १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद असेल तर पृष्ठभाग ९० चौरस मीटर. बादलीपेक्षा १ सेंटिमीटर जास्त उतरलं म्हणजे दिवसाला ९०० लिटर गेलं. ११ दिवसांत १०,००० लिटरचा एक टँकर. ज्या शहरात लोक उन्हाळ्यात टँकरसाठी रांग लावतात, तिथे हे चालू देणं बरोबर नाही.

हीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. पंप चालू असतानाच जास्त उतरत असेल तर बहुधा पाइपलाइन गळतेय. त्यासाठी टाइल फोडणं म्हणजे दात दुखतोय म्हणून कान कापणं. पंप बंद ठेवूनही उतरत असेल तर पातळी कुठे थांबते ते बघा. जिथे थांबते, तिथेच बहुधा गळती असते. तिथे पंप बंद ठेवून, सिरिंजने खाण्याच्या रंगाचा थेंब हळूच सोडा. रंग आत ओढला गेला की जागा सापडली.

आमच्याकडे काय निघालं

मे महिन्यात आमच्या सोसायटीत दुसरीतल्या एका मुलाची टाच तुटक्या टाइलने कापली, तीन टाके पडले. त्याची आई मीटिंगमध्ये शांतपणे एवढंच म्हणाली, "पुढच्या पोराच्या वेळी पण मीटिंगच घेणार का?" मग एक कंत्राटदार आला, दहा मिनिटं काठावरून फिरला आणि म्हणाला, सगळं फोडा, तळापासून नवीन करा. दुसऱ्या बाजूचे काका म्हणाले, एक टाइल बसवा, विषय संपवा.

आम्ही चौघांनी दोन शनिवार-रविवार वरच्या तपासण्या केल्या. भिंतीच्या वरच्या ओळी टक् वाजल्या. उथळ बाजूच्या तळाचं ग्राउट जवळपास संपलेलं. बादलीने गळती दाखवली, पंप बंद असतानाही, आणि पातळी येऊन थांबली पाण्याखालच्या दिव्यापाशी. रंग तिथेच आत गेला. पूल रिकामा केल्यावर बाकीच्या भिंतीही वाजवल्या, त्याही टक्. म्हणजे दिव्याचं सील बदलायचं, उथळ तळाच्या टाइल नव्याने बसवायच्या, बाकी जॉइंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरायचं. "सगळं फोडा" आणि "एक टाइल" यांच्या मधलं काम. ते कळलं मोजल्यामुळे.

ठरवायचं कसं आणि करायचं कधी

नुसतं ग्राउट गेलंय: ग्राउट भरा. बद्द टाइल एका भागात: तो भाग उतरवा, खालचं वॉटरप्रूफिंग तपासा. टाइल सगळीकडे सुटल्यात किंवा टाकीच्या भिंतीतूनच पाझर आहे: आता पूर्ण नूतनीकरण, आणि तेही वॉटरप्रूफिंगसकट. नव्या वॉटरप्रूफिंगनंतर, टाइल लावायच्या आधी, टाकी पाण्याने भरून पातळी तपासायचा आग्रह धरा. हे करारात लिहून घ्या. एकदा टाइल चढल्या की खालचं कोणालाच दिसत नाही.

जमिनीतला पूल पावसाळ्यात कधीही रिकामा करू नका. बाहेर जमिनीत पाणी भरलेलं असतं, आत वजन नसतं, आणि खालचा दाब टाकीला तडे पाडू शकतो, चक्क वर उचलूही शकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तपासणी, दिवाळीनंतर काम, म्हणजे परीक्षा संपेपर्यंत पूल तयार.

अॅसिडने धुऊन "नवीन" करून देतो म्हणणारे भेटतील. सिमेंटच्या थरावर प्रत्येक अॅसिड वॉश थोडा थर घेऊनच जातो. आणि अॅसिड व क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू होतो. रिकाम्या पूलच्या खड्ड्यात तो साचून राहतो. हा प्रयोग कोणालाही करू देऊ नका.

परदेशातल्या आपल्या श्रोत्यांसाठी दोन ओळी. अमेरिकेत घरामागच्या पूलला बऱ्याचदा टाइल नाही, पांढऱ्या सिमेंटचं प्लास्टर असतं. ते साधारण ७ ते १५ वर्षं टिकतं. खड्डे पडलेत, पापुद्रे निघतायत, खालचा करडा थर दिसतोय, तर वेळ झाली. व्हायनिल लायनर असेल तर तो पाण्याच्या रेषेपाशी कडक होऊन चिरतोय का, ते बघा.

तर मंडळी, या रविवारी पोहायला जाताना खिशात एक नाणं न्या. वरची ओळ वाजवा, मग खाली पार्किंगमध्ये जाऊन छताकडे बघा. फोटो काढून तारखेसकट ठेवा. पुढच्या मीटिंगमध्ये आवाज चढवायची गरज पडणार नाही, फोटो दाखवले की पुरे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पोरांना काठावरून धावू देऊ नका!