विश्लेषण : एकाच वर्गात, तरी अनोळखी का?

देवरी तालुक्यातील चिचगडसारख्या भागात गावागावांतील, टोल्यांवरील मुले एकत्र येतात ती महाविद्यालयात. तास संपला की अनेकांना गावची एसटी गाठायची असते. त्यामुळे मैत्री जुळायची तर वर्गातच. ती जुळणे शिकवण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असते.

नुसत्या व्याख्यानाने काय होते?

प्राध्यापक सांगतात, विद्यार्थी लिहून घेतात. शेजारच्याशी बोलण्याची गरजच पडत नाही. घरी गोंडी, हलबी किंवा छत्तीसगढी बोलणारा विद्यार्थी मराठीत प्रश्न विचारायला बिचकतो आणि मागच्या बाकावरच राहतो.

‘जिगसॉ’ पद्धत काय आहे?

अमेरिकेतील ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आली आणि तणाव वाढला. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे भाग पाडले. प्रत्येकाने एक भाग शिकून गटाला समजावायचा. एकमेकांवाचून अडू लागले, तसा दुरावा कमी झाला.

येथे ते कसे जमेल?

गोंदिया जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला स्थान आहे. मोहफूल, तेंदूपत्ता किंवा मामा तलाव असा विषय घेतला, तर टोल्यावरच्या विद्यार्थ्याची माहिती साऱ्या गटाला लागेल. मात्र एकाने लिहायचे आणि बाकीच्यांनी नाव लावायचे, असे होता कामा नये. प्रत्येकाचा वाटा वेगळा आणि आवश्यक हवा.