रबर, रायफल आणि राज्य

‘साम्राज्यवादाची कारणे लिहा’ असा प्रश्न आला की आपण विद्यार्थी कच्चा माल, बाजारपेठ, भांडवल, राष्ट्राभिमान असे मुद्दे एकाखाली एक मांडून मोकळे होतो. मुद्दे खरेच आहेत. परंतु ते एकमेकांत कसे गुंतले होते आणि त्यांची किंमत कोणी मोजली, हे त्या यादीतून कळत नाही. मला ते काँगोच्या इतिहासातून उमगले.

१८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपीय राष्ट्रांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरविले. तेथे एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. याच सुमारास बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने मुक्त व्यापार आणि गुलामगिरीचा बीमोड अशी उदात्त भाषा बोलून काँगोवर आपला खाजगी ताबा मान्य करून घेतला. हा मुलूख बेल्जियमच्या सुमारे पाऊणशे पट मोठा! राजाने मात्र तेथे कधी पाऊलही ठेवले नाही.

मग इतका दूरचा प्रदेश हाती राहिला कसा? याचे उत्तर औद्योगिक क्रांतीत आहे. हिवतापावर क्विनीन होते, नदीत वाफेच्या बोटी होत्या आणि शिपायांच्या हाती नव्या रायफली होत्या. शिवाय १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर बनविला आणि रबराची मागणी भडकली. आशियातील मळ्यांचे रबर बाजारात येण्यास अद्याप अवकाश होता. काँगोच्या अरण्यात मात्र रबराच्या वेली आपोआप वाढत होत्या. म्हणजे राज्य करण्याची साधने कारखान्याने दिली आणि राज्य करण्याची भूकही त्यानेच लावली.

वेलींचा चीक काढणे हे जिवावरचे काम, आणि मोबदला नाममात्र. म्हणून गावागणिक रबराचे वजन ठरवून दिले जाई. पुरुषांनी रानात जावे यासाठी त्यांच्या बायकांना ओलीस ठेवीत. काडतूस वाया घालविले नाही, याचा पुरावा म्हणून शिपायांना मृताचा हात तोडून आणावा लागे. जिवंत माणसांचेही हात तोडले गेले. शेती ओस पडली, उपासमार आणि रोगराई पसरली, लाखो माणसे मेली.

हे प्रकरण युरोपात गाजविले मोरेल नावाच्या जहाज कंपनीतील एका कारकुनाने. रबर आणि हस्तिदंत भरून अँटवर्पला येणारी जहाजे परत जाताना मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा नेतात, हे त्याच्या ध्यानात आले. मालाच्या मोबदल्यात माल जात नसेल, तर तो व्यापार नव्हे, वेठ आहे, हे त्याने ताडले. त्याच्या चळवळीचा दबाव वाढत गेला आणि १९०८ मध्ये काँगो बेल्जियम सरकारकडे गेले.

हा एका लोभी राजाचा अपवाद होता, असे म्हणून सुटता येत नाही. शेजारच्या फ्रेंच मुलखातही हीच पद्धत उचलली गेली. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाले, तेव्हा त्या अवाढव्य देशात तीस पदवीधरदेखील नव्हते. २०२० मध्ये बेल्जियमच्या राजाने झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला.

तात्पर्य, ‘कच्चा माल’ हा मुद्दा लिहिताना तो कोणाच्या हातांनी आणि कोणत्या धाकाने गोळा झाला, हेही आपण लिहिले पाहिजे. कारण आणि परिणाम यांना जोडणारा दुवा तेथेच सापडतो.