पाटी खोटं बोलते का? चालकांचा राग आणि त्यातून निघणारा संशोधनाचा प्रश्न

माझे एक मामा वणीकडचे. वीसेक वर्षांपासून ट्रक चालवतात. कोळसा, सिमेंट, कापसाच्या गाठी, जे भाडं मिळेल ते. मागच्या दिवाळीत मी त्यांच्यासोबत केबिनमध्ये बसून नागपूरपर्यंत गेले. वाटेत रस्त्यावर आडवी टांगलेली मोठी इलेक्ट्रॉनिक पाटी दिसली : "पुढे काम चालू, वेग कमी करा". मामांचा पाय जिथे होता तिथेच राहिला. मी पाटीकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "त्या पाटीचं काय घेऊन बसली पोरी! पोळ्यापासून तिचं काम चालूच हाय. मी रोज जातो, मले तं एक फावडंही दिसलं नाही."

पुढे सात-आठ किलोमीटर मी मुद्दाम पाहत होते. खरंच काही नव्हतं. मामा बरोबर होते.

तीन आठवड्यांनी त्याच रस्त्यावर, रात्री, तीच पाटी खरी ठरली. एक बाजू बंद करून वाहतूक वळवली होती. मामांनी ब्रेक उशिरा दाबला, भरलेला ट्रक पुढच्या पिकअपच्या मागे हातभर अंतरावर थांबला. घरी आल्यावर ते दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत. (रस्ता कोणता हे इथे सांगत नाही, कारण प्रश्न एका रस्त्याचा नाही.)

मित्रांनो, पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा मला मेसेज येतो, "ताई, विषय कुठून शोधायचा?" विषय असा सापडतो. पण "चालक इलेक्ट्रॉनिक पाट्यांवर चिडतात" हा संशोधनाचा प्रश्न नाही, ती तक्रार आहे. तक्रारीतून प्रश्न कसा काढायचा, ते आज पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. या पाट्यांना तांत्रिक भाषेत व्हेरिएबल मेसेज साइन, म्हणजे व्हीएमएस म्हणतात. भारतात त्यांच्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची वेगळी मार्गदर्शिका आहे, आयआरसी एसपी 85. आपल्या जिल्ह्यातून राष्ट्रीय महामार्ग 44 पांढरकवडा, पाटणबोरीवरून तेलंगणात उतरतो, आणि 361 कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेडवरून नांदेडकडे जातो. समृद्धी महामार्ग यवतमाळ जिल्ह्याला स्पर्श करत नाही, पण आपली माणसं धामणगाव किंवा कारंज्याकडून त्यावर चढतातच. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, आणि 5 जून 2025 पासून पूर्ण 701 किलोमीटर खुला आहे. कारसाठी वेगमर्यादा ताशी 120.

हा 120 चा आकडा जरा थांबून पाहा. ताशी 120 म्हणजे सेकंदाला साधारण 33 मीटर. अमेरिकेच्या वाहतूक चिन्हांच्या नियमावलीत अशी पाटी दिवसा किमान 240 मीटरवरून आणि रात्री किमान 180 मीटरवरून वाचता यावी असं म्हटलंय. म्हणजे रात्री चालकाच्या हातात साडेपाच सेकंद. तेवढ्यात वाचायचं, समजून घ्यायचं, आरसा पाहायचा आणि ठरवायचं. आपल्याकडे एकच मजकूर मराठी, हिंदी, इंग्रजीत आळीपाळीने येतो तेव्हा त्या साडेपाच सेकंदांत नेमकी तुमची भाषा येईलच याची खात्री नाही. रागाचं एक कारण इतकं साधं आहे. पण मामांचा राग वाचता न येण्याचा नव्हता. त्यांनी वाचलं होतं, विश्वास ठेवला नव्हता.

विश्वासाची ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे, लांडगा आला रे आला. मानसशास्त्रात श्लोमो ब्रेझनिट्झ यांनी 1984 साली खोट्या इशाऱ्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातही हाच लांडगा आहे. पण गोष्टीतला मुलगा मुद्दाम खोटं बोलत होता. पाटी तसं करत नाही. मग प्रामाणिक पाटी खोटी का वाटते?

एक काल्पनिक हिशेब करू, वहीत सोबत मांडा. धुक्याचा इशारा देणारी एक पाटी आहे. हजार तासांपैकी 20 तास खरंच दाट धुकं असतं. पाटीचा सेन्सर त्यातले 18 तास बरोबर पकडतो. उरलेल्या 980 स्वच्छ तासांत तो फक्त 5 टक्के वेळा चुकतो, म्हणजे 49 तास. आता पाटी एकूण किती तास पेटली? 67. त्यातले खरे किती? 18. म्हणजे पाटी पेटलेली दिसते तेव्हा चारपैकी जवळपास तीन वेळा पुढे धुकं नसतं!

इंजिनिअर म्हणतो, माझा सेन्सर जवळपास 95 टक्के वेळा बरोबर आहे. मामा म्हणतात, पाटी चारपैकी तीनदा खोटी. दोघंही खरं बोलतायत. धोका मुळातच दुर्मिळ असला की हे होतंच, यालाच बेस रेटचा प्रश्न म्हणतात. पण हेही पाहा : पाटी नसती तर धुक्याची शक्यता 2 टक्के होती, पाटी पेटल्यावर ती 27 टक्के झाली, तेरा पटींहून जास्त. अशा "खोट्या" पाटीसाठी वेग कमी करणं शहाणपणाचंच आहे, पण अनुभव तसं शिकवत नाही.

मग सेन्सर जरा कडक करू. स्वच्छ तासांत आता 1 टक्काच चूक, साधारण 10 तास. पण त्यामुळे 20 पैकी 12 तासच धुकं पकडलं जातं. पाटी पेटली तर निम्म्याहून जास्त वेळा खरी. चालक खूश! फक्त 8 तास दाट धुक्यात पाटी काळी राहते. संकेत-शोध सिद्धांत म्हणजे सिग्नल डिटेक्शन थिअरी नेमकं हेच सांगते, की त्याच सेन्सरमधून एक चूक कमी केली तर दुसरी वाढते. कोणती चूक परवडते हा निर्णय सेन्सर घेत नाही, माणूस घेतो.

इथे जोआकिम मायर यांनी केलेला एक फरक उपयोगी पडतो. इशारा आल्यावर तो पाळणं वेगळं आणि इशारा नाही म्हणून निर्धास्त राहणं वेगळं. खोट्या इशाऱ्यांनी पहिलं ढासळतं, हुकलेल्या इशाऱ्यांनी दुसरं. प्रश्नावली बनवताना "तुमचा पाटीवर विश्वास आहे का?" असा एकच प्रश्न टाकला तर ही दोन्ही एकमेकांत मिसळतात. माझ्या पहिल्या मसुद्यात मी हीच चूक केली होती आणि गाईडनी पानावर लाल गोल करून परत दिली.

आणखी एक गुंता. पुढे काहीच दिसलं नाही म्हणजे पाटी खोटी, असं नेहमी नसतं. 2008 मध्ये जपानमधल्या सुगियामा आणि सहकाऱ्यांनी 230 मीटरच्या गोल रस्त्यावर 22 गाड्या सारख्या वेगाने फिरायला लावल्या. ना खड्डा, ना सिग्नल, तरी थोड्या वेळात आपोआप कोंडी तयार झाली आणि लाटेसारखी मागे सरकत गेली. परदेशात काही मोटरवेंवर गर्दीच्या वेळी पाट्यांवरची वेगमर्यादा खाली आणतात ती अशी लाट उठू नये म्हणून. लंडनभोवतीच्या एम 25 वर 1995 पासून हे चालतं. उपाय लागू पडला तर चालकाला मोकळा रस्ता दिसतो आणि तो म्हणतो, उगाच हळू चालवायला लावलं. यशाचा पुरावा आणि खोटेपणाचा पुरावा दिसायला एकच! त्यामुळे चालकाच्या आठवणीवरून पाटीचा खरेपणा मोजता येत नाही.

आणि पाटी शंभर टक्के खरी असेल तर? माझ्या मते या विषयातला सगळ्यात अस्वस्थ करणारा पेपर 2022 साली सायन्स या नियतकालिकात आला, जोनाथन हॉल आणि जोशुआ मॅडसन यांचा. टेक्सासमध्ये 2012 पासून पाट्यांवर त्या वर्षी रस्त्यांवर किती माणसं मेली तो आकडा दाखवत, पण महिन्यातून एकच आठवडा. संशोधकांनी तोच रस्ता, तोच तास, तोच वार, फक्त आकडा दाखवलेला आठवडा आणि न दाखवलेले आठवडे अशी तुलना केली. आकडा दाखवला तेव्हा पाटीपुढच्या 10 किलोमीटरमध्ये अपघात 4.5 टक्के वाढले होते. आकडा जितका मोठा तितका परिणाम वाईट. त्यांचं स्पष्टीकरण असं, की मृत्यूचा आकडा मनात घुसतो आणि पुढची काही मिनिटं लक्ष रस्त्यावर कमी राहतं. इथे पद्धत शिकण्यासारखी आहे. कोणीही मुद्दाम प्रयोग केला नव्हता, सरकारी वेळापत्रकाने तो आपोआप घडवला होता. अशा वेळापत्रकांवर नजर ठेवायची सवय लावून घ्या.

तर मामांच्या तक्रारीतून प्रश्न असा निघतो : एका ठरावीक पाटीवर आलेल्या इशाऱ्यांपैकी किती इशारे त्या क्षणी खरे होते, आणि हे प्रमाण घसरलं की रोज जाणारा चालक आणि पहिल्यांदा जाणारा चालक यांच्या वेगात फरक पडतो का? यात मोजता येणाऱ्या दोन गोष्टी आहेत. खरेपणासाठी पाटीचा मजकूर वेळेसकट नोंदवायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने पुढे जाऊन प्रत्यक्ष पाहायचं. एकट्याचं काम नाही, जोडीदार लागतो. वेगासाठी चालकांच्या मोबाइलमधला जीपीएस, अर्थात लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी घेऊनच. चालकाला चालवताना फोन हातात घ्यायला लावणारी कोणतीही पद्धत बाद.

मामांना मी नोंदी ठेवायला सांगितलंय. केबिनमध्ये एक छोटी वही असते, पाटी दिसली की क्लीनर मजकूर, वेळ आणि पुढे काय निघालं ते लिहितो. खरी निघाली तरी लिहायचं, ही माझी अट. पहिल्या आठवड्यात मामांनी फोन केला, "अं, निम्म्या खऱ्याच निघाल्या जी. हे आधी काहून ध्यानात नाही आलं?" एका ट्रकची एका आठवड्याची नोंद म्हणजे डेटा नव्हे, हे त्यांना सांगायचं मी टाळलं. वही चालू आहे. पुढच्या लेखात तिची पानं कशी कोड करायची ते बघू, तोवर हजार तासांचा तो हिशेब 20 ऐवजी 5 तास धुकं धरून करून पाहा आणि उत्तर कमेंटमध्ये टाका.