तिजोरी आणि अल्बम एकाच फोनात

ऑगस्ट 2025 मध्ये हिंगोली येथील एका सरकारी कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर अनोळखी क्रमांकावरून लग्नाची निमंत्रणपत्रिका आली. वरकरणी ती पीडीएफ पत्रिकेसारखीच दिसत होती. ती उघडली आणि त्यांच्या बँक खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले. पत्रिकेच्या रूपात आलेली ती फाइल प्रत्यक्षात ‘एपीके’ होती, म्हणजे फोनमध्ये नवे ॲप बसवणारी फाइल. असे ॲप एकदा आत शिरले की ते एसएमएस वाचू शकते, आणि बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो.

हिंगोली वाशिमला लागून आहे, म्हणजे वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर. पण अंतरापेक्षा आपल्या व्यवहाराची रीत अधिक विचार करण्याजोगी आहे. अनोळखी क्रमांकावरून आलेली पत्रिका नोकरदाराला कदाचित खटकेल, व्यापारी घरात ती खटकत नाही. अकोल्यातील डाळ गिरणीवाल्याला परगावच्या दलालाच्या मुलीच्या लग्नाचे बोलावणे येते. अमरावतीच्या घाऊक कापड बाजारातील पेढीला तर हंगामात अशा कितीतरी पत्रिका येतात. प्रत्येकाचा क्रमांक नोंदलेला नसतो, आणि पत्रिका न उघडणे हा आपल्याकडे अपमान मानला जातो. भामट्याला हा शिष्टाचार चांगला ठाऊक आहे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. पत्रिका छायाचित्र, पीडीएफ किंवा व्हिडिओ या रूपात येते. ती पाहण्यासाठी काहीही ‘इन्स्टॉल’ करावे लागत नाही. फोनने तशी परवानगी मागताच थांबावे आणि ज्याच्या घरचे कार्य आहे त्याला फोन करावा. सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवण्याची परवानगी बंद ठेवली, की घरातील आजोबांचा फोनही बराच सुरक्षित होतो. तरीही पैसे गेलेच, तर त्याच क्षणी बँकेला आणि 1930 या क्रमांकावर कळवावे. 6 जुलै 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, ग्राहकानेच सोसावयाचे असे ठरवले होते; कळवल्यानंतरचे बँकेकडे. लाजेपोटी ‘उद्या पाहू’ म्हणण्यात किती जोखीम आहे, हे यावरून ध्यानी यावे.

येणाऱ्या फाइलीबद्दल आता थोडी जागरूकता आली आहे. जाणाऱ्या छायाचित्रांबद्दल मात्र आपण कमालीचे उदार आहोत. एके काळी चेकबुक तिजोरीत असे आणि अल्बम दिवाणखान्यात. आज आधार, पॅन, चेक, भागीदारीपत्र आणि नातवाचा वाढदिवस एकाच गॅलरीत शेजारी शेजारी पडलेले असतात. दुकानातील मुलगा मालाचा फोटो दाखवण्यासाठी मालकाचा फोन हाती घेतो, तेव्हा बोटाच्या एका सरकीवर सारे घर त्याच्यापुढे उघडते. कागदपत्रांचे फोटो काम होताच गॅलरीतून, आणि ‘नुकतेच हटवलेले’ या कप्प्यातूनही, काढून टाकावेत. मागणाऱ्याचे काम भागत असेल तेथे ‘मास्क्ड’ आधार द्यावे. त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात. झेरॉक्सवर आपण प्रयोजन व तारीख लिहितो, तसेच फोटो काढण्यापूर्वी कागदावर लिहावे. रद्द केलेल्या चेकवर सही करण्याची गरज नसते. ती करून त्याचा फोटो पाठवणे म्हणजे नमुना सही वाटणेच होय.

धंद्यात याच्या उलट अडचण येते. साडीचा रंग वा डाळीची झळाळी ग्राहकाला स्पष्ट दिसायला हवी, आणि व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते. 2023 पासून ‘एचडी’चा पर्याय आहे, त्याहून स्पष्ट हवे असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. फक्त एवढे लक्षात ठेवावे की डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फोटोत तो कोठे व केव्हा काढला ही नोंदही सोबत जाऊ शकते. गोदामातील मालाच्या बाबतीत ते चालेल. घरातील दागिन्यांच्या बाबतीत चालणार नाही.

लग्नाचे चारशे फोटो कुटुंबाच्या गटावर ओतणे हा सर्वांच्या फोनवर अन्याय आहे. गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली, तेव्हापासून ही जागा पैशांची आहे. सामायिक अल्बम करून त्याची लिंक द्यावी हे उत्तम, परंतु लिंक ज्याच्या हाती पडेल त्यालाही अल्बम दिसू शकतो. म्हणून पंधरा दिवसांनी ती बंद करावी. शिखरजी वा पालिताण्याच्या यात्रेतील दर्शनाचे फोटो स्टेटसवर लावण्याचा मोह कोणाला होत नाही? पण सारे कुटुंब यात्रेत आहे म्हणजे घराला कुलूप आहे, ही बातमीही त्याच फोटोसोबत गावभर होते. परतल्यावर लावले तरी पुण्य उणे होत नाही.

पुढे ढकललेल्या व्हिडिओंची किंमत अमरावतीने नोव्हेंबर 2021 मध्ये मोजली. दूरच्या त्रिपुरातील घटनांवरून शहरात दंगल उसळली, संचारबंदी लागली, आणि अफवा पसरू नयेत म्हणून इंटरनेटही बंद झाले. त्यापूर्वी, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्यांच्या अफवेतून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जमावाने जीव घेतला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येतील अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले.

संघाच्या गटांवर आणखी एक सवय रूढ झाली आहे. साध्वीजींच्या विहाराचा मार्ग, निघण्याची वेळ आणि मुक्कामाचे ठिकाण चालू व्हिडिओसह शेकडो अनोळखी सदस्यांपर्यंत पोहोचते. भाव सेवेचाच असतो, पण पहाटेच्या निर्जन रस्त्यावर फोन न बाळगता चालणाऱ्या साध्वींचा ठावठिकाणा असा जाहीर असावा काय? विहारसेवेतील मोजक्या श्रावकांचा वेगळा गट करावा, आणि बाकीच्यांना मंगल प्रवेशानंतर कळवावे. फोटो घेण्यापूर्वी स्वतः महाराजसाहेबांना विचारावे, हे तर त्याहूनही आधीचे.