तोल सांभाळण्याचे अदृश्य श्रम

भुसावळहून खंडव्याकडे निघालेली गाडी बऱ्हाणपूर मागे टाकून सातपुड्याच्या रानात शिरली, की नेपानगरच्या अलीकडे चांदनी नावाचे एक लहानसे स्थानक लागते. गोमंतकातील वाचकाला हे गाव परके वाटेल. तथापि वृत्तपत्रे वाचणाऱ्या कोणालाही ते सर्वस्वी परके नाही. चांदनीच्या शेजारी नेपानगर येथे सलईच्या लाकडापासून व बांबूपासून वृत्तपत्री कागद निघू लागला तो १९५५ साली, आणि पुढे सुमारे पाव शतक देशात दुसरीकडे कोठेही असा कागद तयार होत नव्हता. कागदाच्या या गावात आणि यंत्रमागांच्या बऱ्हाणपुरात यंत्रांच्या खडखडाटात हयात घालवलेली माणसे घरोघरी आढळतात. साहजिकच तेथे एखाद्याला कमी ऐकू येऊ लागले, तर ‘यंत्रापायी कान गेला’ असा निकाल घरचे आणि शेजारचे बसल्या जागी देऊन टाकतात. बहुतेक वेळा तो खराही असतो. परंतु काही थोड्या माणसांच्या बाबतीत तो खोटा ठरतो, आणि त्या थोड्यांची कहाणी सर्वांनी जाणून घेण्याजोगी आहे.

गोंगाटाने येणारा बहिरेपणा सामान्यतः दोन्ही कानांना सारखाच ग्रासतो. या उलट एकच कान हळूहळू मंद होत चालला, त्यात अहोरात्र शीळ किंवा गुणगुण वाजू लागली, दूरध्वनी त्या कानाला लावला असता आवाज येतो पण शब्द उमगत नाहीत असे होऊ लागले, आणि चालताना पाऊल नकळत एका अंगाला पडू लागले, तर त्याचे खापर यंत्रावर किंवा वयावर फोडून स्वस्थ बसता येत नाही. अशा लक्षणांमागे क्वचित ‘अकूस्टिक न्यूरोमा’ नावाची गाठ असते. लाखभर लोकांत वर्षाकाठी एखाद-दुसऱ्यालाच ती आढळते. ती कर्करोगाची नव्हे, शरीरात इतरत्र पसरत नाही, आणि वाढते तीही वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर अशा गतीने. कित्येकांच्या बाबतीत तर ती वर्षानुवर्षे आहे तेवढीच राहते. गंमत अशी की तिचे रूढ नावच चुकीचे आहे. ती उगवते ती ऐकण्याच्या मज्जातंतूवर नव्हे, तर त्याला चिकटून जाणाऱ्या, शरीराच्या तोलाची वार्ता मेंदूकडे नेणाऱ्या तंतूच्या आवरणावर. म्हणूनच वैद्यकशास्त्र आता तिला ‘वेस्टिब्युलर श्वानोमा’ म्हणते. स्वभावाने सौम्य असली तरी तिची जागा वाईट आहे. कानामागच्या हाडातील अरुंद बोगद्यात, चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूला खेटून ती बसते, आणि मोठी झाली म्हणजे मेंदूच्या देठाला रेटू लागते.

या दुखण्याचा विचार करताना आपले लक्ष बहुधा गाठीवर आणि शस्त्रक्रियेवर केंद्रित होते. परंतु रुग्णाला आयुष्यभर सोबत करते ती गाठ नव्हे. सोबत करतो तो ढळलेला तोल आणि डोक्यात उतरलेले धुके. या दोहोंचा परस्परांशी काय संबंध आहे, हे समजल्याखेरीज अशा माणसाचे जगणे उमगणार नाही.

निरोगी माणसाला तोल ही फुकट मिळालेली वस्तू वाटते. वस्तुतः तो तीन साक्षीदारांच्या जबानीवर उभा असतो. डोळे क्षितिज दाखवतात, तळपाय आणि सांधे जमिनीचा चढउतार सांगतात, आणि दोन्ही कानांच्या गाभ्यातील अर्धवर्तुळाकार नलिका डोके कोणीकडे वळले ते कळवतात. खाजनाच्या अरुंद बांधावरून डोक्यावर भारा घेऊन जाणारी स्त्री किंवा माडाच्या शेंड्यावर एका हाताने कोयता चालवणारा पाडेली या तिन्ही साक्षींचा मेळ क्षणोक्षणी घालत असतो, आणि तरीही मनात घरच्या गोष्टी घोळवू शकतो. एका बाजूच्या कानाची साक्ष खोटी पडू लागली, की हा मेळ बिघडतो. मेंदू हुशार आहे. गाठ सावकाश वाढत असल्यामुळे तो उरलेल्या साक्षीदारांवर काम भागवायला शिकतो. म्हणूनच अशा रुग्णाला गरगरून पाडणारी घेरी क्वचितच येते. पण ही तडजोड उजेडात, सपाट रस्त्यावर आणि ताज्या अंगाने जेवढी चालते, तेवढी अंधारात, खडबडीत वाटेवर किंवा थकल्यावर चालत नाही. दिवे गेले, मान झटकन वळवावी लागली, गर्दीत चारी दिशांनी माणसे हलू लागली, की पाय लटपटतात.

आता मुख्य मुद्दा असा, की जे काम पूर्वी न सांगता होत असे, ते आता लक्ष देऊन करावे लागते. मनाची शक्ती अमर्याद नसते. तिचा मोठा वाटा जर नुसते सरळ उभे राहण्यात खर्ची पडू लागला, तर विचाराला उरणार काय? त्यात एका कानाने ऐकण्याचे कष्ट मिळवा. दोन कान असले, की आवाज कोठून आला ते कळते आणि गलक्यातून हवा तो शब्द वेचता येतो. एकाच कानावर ही निवड होत नाही. कानातली अखंड शीळ रात्रीची झोप मोडते ती निराळीच. या साऱ्याची बेरीज म्हणजे ते धुके. हातातली वस्तू कोठे ठेवली ते आठवत नाही, ओळखीचा शब्द ओठांवर येऊन परत फिरतो, चार जणांच्या संभाषणाचा धागा सुटतो, आणि दुपार कलताच डोके कापसाने भरल्यासारखे होते. या धुक्याची इतरही कारणे असू शकतात. गाठ मोठी होऊन मेंदूतील पाण्याचा निचरा अडला, तरीही स्मृती आणि चाल बिघडते, व तेव्हा तातडीचा उपाय करावा लागतो. म्हणून हे लक्षण वैद्याला सांगितलेच पाहिजे. लाजेने लपवून ठेवण्याचे ते नव्हे.

लाज वाटण्याचे कारण मात्र आपल्या भाषेतच दडलेले आहे. मराठीत ‘तोल गेला’ म्हणजे माणूस संतापला; ‘झोकांड्या खातो’ म्हणजे दारू प्याला; ‘डोके ठिकाणावर नाही’ म्हणजे वेडा किंवा बेपर्वा; आणि सांगितलेले ज्याच्या ध्यानात राहत नाही, तो एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देणारा. रुग्णाची प्रत्येक खरी व्यथा समाजाने आधीच दुर्गुणाच्या खात्यावर मांडून ठेवली आहे. पायाला पट्टी असती, हातात कुबडी असती, तर त्याच समाजाने उठून जागा दिली असती. धडधाकट दिसणारा माणूस भिंतीचा आधार घेत चालू लागला, की सहानुभूतीच्या जागी कुजबुज सुरू होते.

हे दुखणे आज असे ‘जगण्याचे’ झाले आहे, हीच एका अर्थी वैद्यकाची मोठी मिळकत होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गाठीवर ज्या पहिल्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य रुग्ण दगावत. अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९१७ साली या गाठींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि मृत्यूचे प्रमाण पुष्कळच खाली आणले. १९६० नंतर विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कानाच्या हाडातून गाठीपर्यंत पोहोचण्याची वाट रूढ केली. १९६९ साली स्वीडनमध्ये चाकूविना, किरणांनी ही गाठ रोखण्याचा पहिला प्रयोग झाला. भारतात वेल्लोर येथे १९४९ साली डॉ. जेकब चँडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उघडला, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी तसा विभाग उभा केला. लहान गाठ नुसती दर वर्षी एम.आर.आय. काढून पाहत राहणे, हाही आज सर्वमान्य मार्ग आहे. म्हणजे प्रश्न प्राण वाचण्याचा होता, तो आता वाचलेल्या प्राणाने जगावे कसे याचा झाला आहे. हॉलिवूडचे अभिनेते मार्क रफालो यांच्यावर या शतकाच्या आरंभी ही शस्त्रक्रिया झाली. त्यांचा डावा कान गेला, अर्धा चेहरा काही महिने लुळा होता, तरीही ते अभिनयाकडे परतले. पण प्रत्येकाच्या पाठीशी तेवढी साधने आणि तेवढी सवड नसते.

जगावे कसे, याला काही उत्तरे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोघा वैद्यांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी साधे व्यायाम आखले: नजर स्थिर ठेवून मान हलवणे, डोळे मिटून उभे राहणे, चालता चालता मान वळवणे. चक्कर टाळून नव्हे, तर ती थोडी थोडी सोसूनच मेंदू नवा मेळ शिकतो, हे त्यामागचे तत्त्व आजही खरे आहे. म्हणूनच चक्करीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेत राहणे हिताचे नसते. त्या मेंदूला गुंगी आणतात आणि त्याचे शिकणे लांबवतात. घरात जिन्यावर आणि न्हाणीघरात रात्रीही उजेड असावा. बोलणाऱ्याने चांगल्या कानाच्या बाजूला बसावे. कामाचा जड भाग सकाळी उरकावा, आणि दुपारची विश्रांती हा आळस मानू नये. किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक इशारा अधिक: पाण्याखाली डोळ्यांची आणि तळपायांची साक्ष संपते, आणि ज्याचा एक कान निकामी आहे त्याला वर कोणते व खाली कोणते हे कळेनासे होऊ शकते. अशा माणसाने, तो कितीही पट्टीचा पोहणारा असो, समुद्रात एकट्याने किंवा अंधारात उतरू नये.

घर सांभाळून घेईल, रोजगाराचे काय? चांदनीजवळच्या रुळांवर गस्त घालणारा एखादा गँगमन कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. खडीवरून चालणे हेच ज्याचे काम, आणि गाडी कोणत्या दिशेने येते ते कानाने ओळखण्यावर ज्याचा जीव अवलंबून, त्याचा एक कान आणि तोल गेला तर तो त्या कामास नालायक ठरेल, यात शंका नाही. पण कायद्याच्या व्याख्येने त्याला अपंगही म्हणता येत नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा अपंगत्वाचे २१ प्रकार मानतो. त्यात बहिरा किंवा कमी ऐकणारा ठरण्यासाठी दोन्ही कानांची हानी आवश्यक आहे. एक कान पूर्ण गेला तरी व्याख्या पूर्ण होत नाही. दीर्घकालीन मज्जाविकारांचा उल्लेख आहे, पण उदाहरणे मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि पार्किन्सन यांची. तोलाचे नाव कोठेच नाही. ज्याला काम करता येत नाही आणि अपंग म्हणवून घेताही येत नाही, त्याने कोणाच्या दारात उभे राहावे? कायदे करणाऱ्यांनी या फटीचा विचार करायला हवा. तो होईपर्यंत मालकांनी आणि खातेप्रमुखांनी अशा माणसाला शिडीचे, रात्रपाळीचे व रुळावरचे काम टाळून बसून करण्याचे काम देण्याइतकी माणुसकी दाखवावी. त्याला कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.

आणि निदानाचे काय? चांदनीहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. गोमंतकाचे भाग्य असे, की १८४२ पासून वैद्यकशिक्षणाची परंपरा सांगणारी संस्था येथे आहे आणि बांबोळीचे तिचे रुग्णालय कोणत्याही तालुक्यातून काही तासांत गाठता येते. तथापि अंतर हा एकमेव अडसर नव्हे. एम.आर.आय.चे यंत्र लागते ते शेवटी. आधी लागतो तो संशय. एका कानाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या कपाळावर आणि कानामागे वाजता ट्यूनिंग फोर्क टेकवून, कोणत्या बाजूला व कोणत्या प्रकारची हानी आहे याचा अदमास कोणताही डॉक्टर काही मिनिटांत बांधू शकतो. हे साधन खिशात मावते. ते प्रत्येक ग्रामीण दवाखान्यात असावे, त्याचा उपयोग व्हावा, आणि एकाच कानाची हानी आढळली तर रुग्णाला ‘मळ साठला असेल’ म्हणून परत न पाठवता श्रवणतपासणीसाठी पुढे धाडावे. एका कानाने अचानक, दिवस-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर एक आठवडाही वाट पाहू नये. अशा वेळी लवकर उपचार झाला तरच कान वाचण्याची आशा असते.

अमेरिकेत १९८१ साली एका रुग्ण स्त्रीने आपल्यासारख्याच इतरांना गाठून या आजाराच्या रुग्णांची संघटना उभी केली. तिचा पहिला लाभ औषधाचा नव्हता. ‘हे माझ्या एकटीचे नाही’ एवढ्या ओळखीचा होता. आपल्याकडे अशी ओळख होण्यापूर्वी बहुतेकांना आधी विश्वास हवा असतो, आणि तो देण्यासाठी शल्यविशारद असावे लागत नाही. घरातला कोणी माणूस ‘मला नीट सुचत नाही, पाय ठरत नाही’ असे म्हणाला, तर त्याच्या धडधाकट चेहऱ्याकडे पाहून त्याला खोटे पाडण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे, की आपण ज्यासाठी कणभरही कष्ट घेत नाही, त्या उभे राहण्यासाठी तो दिवसभर राबत आहे.